थट्टाबंदीची तक्रार

कित्वे, १६ सप्टेंबर २०१९

आदरणीय बा एनेलेसी जेरे यांस,

सविनय नमस्कार. आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो. येथे सर्व क्षेम आहे. माझा शाळेच्या गणवेशांचा कारखाना देवाच्या कृपेने चालू आहे. आपण निवृत्त होऊन चिपाटाला परतल्यापासून आपल्या घरात एक पाद्रीसाहेब राहतात. फार भले गृहस्थ आहेत. कुंपणावरून कधी ओरडत नाहीत.

पूर्वी मी आपल्या न्गोनी जमातीच्या खाण्यापिण्याविषयी आणि आपल्या पूर्वजांच्या शौर्याविषयी जे काही बोललो असेन, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. यापुढे तसे घडणार नाही.

बसच्या ड्रायव्हरबरोबर थोडी सुकी कापेंता मासळी पाठवत आहे. स्वीकार व्हावा.

आपला विनम्र,
कासोंदे चिशिंबा
मालक, चिशिंबा गणवेश

*

चिपाटा, २४ सप्टेंबर

अरे माकडखाऊ,

कोण मेलं ते आधी सांग.

तुझं पत्र वाचून माझी पाचावर धारण बसली. कागद उलटून पाहिला, मागे काही खरं लिहिलंय का म्हणून. काही नाही. शेजारणीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, हा माणूस मरण्याआधी सगळ्यांची माफी मागत सुटलाय. दोन दिवस मी तुझ्या मयताला कोणतं चितेंगे नेसून जायचं याच विचारात होते. हिरवं ठरवलं होतं.

तुम्ही बेम्बा, आम्ही न्गोनी. आपल्या पणजोबांनी एकमेकांची डोकी फोडली, आणि फोडून दमले तेव्हा भाऊबंद झाले. तेव्हापासून तुम्ही आम्हाला उंदीरखाऊ म्हणायचं आणि आम्ही तुम्हाला माकडखाऊ, हा आपला धर्म. इतकी वर्षं कुंपणाला कुंपण लावून राहिलो, तू एकदासुद्धा मला सरळ हाक मारली नाहीस. ह्यालाच मी माया समजत होते. आणि आता एकदम ‘आदरणीय’? माझ्या सख्ख्या मुलानेही मला कधी आदरणीय म्हटलेलं नाही.

मला वाटतं, हे नव्या कामगार कायद्याचं खूळ आहे. मी उभा जन्म कामगार कार्यालयात निरीक्षक होते, माझ्यापासून काय लपवतोस? कुणी काय सांगितलं ते सविस्तर लिही. फोन करू नकोस. फोनवर तू ओरडतोस आणि मला नुसत्या तुझ्या शिलाई मशिनी ऐकू येतात.

आणि हो, तुझ्या कामगार बायकांना नोकरीचे लेखी करार दिलेस का? फालेसीला तरी? मी निघताना तुझ्या हातावर टाळी देऊन वचन घेतलं होतं.

मासळी चांगली होती. वाळू कमी घाल.

एनेलेसी

*

कित्वे, ६ ऑक्टोबर

उंदीरखाऊ बाई,

हे पत्र मी घरी बसून लिहितोय. घर म्हणजे कामाची जागा नव्हे, म्हणून इथे तुला काय वाटेल ते म्हणायला कायद्याची हरकत नसावी. तीन आठवडे तोंडाला कुलूप लावून बसलोय, जबडा दुखायला लागला.

झालं असं. चर्चच्या सभागृहात आम्हा छोट्या मालकांसाठी सभा होती. लुसाकाहून एक टायवाले सल्लागार आले होते. कायदा बदललाय म्हणाले, आणि मालकाची कर्तव्यं वाचत गेले. दुपारपर्यंत वाचतच होते. माझ्या शेजारचा बेकरीवाला तर झोपला. मी मात्र जागा होतो, आणि एक वाक्य माझ्या छातीत रुतलं. जमातीवरून भेदभाव चालणार नाही, कामाच्या जागी कुणाला छळायचं नाही, तसा नियम लिहून ठेवायचा. मी हात वर करून विचारलं, न्गोनी बाईला उंदीरखाऊ म्हटलं तर? सल्लागारांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही म्हणता?” मी म्हटलं, रोज, सकाळी आल्याआल्या. सगळं सभागृह हसलं, पण ते हसले नाहीत. म्हणाले, तुमच्यावर खटला होऊ शकतो.

मी दुसऱ्याच दिवशी कारखान्यात पाटी लावली. मोठ्या अक्षरात: ‘येथे जमातीवरून थट्टा करण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून, मालक.’ आणि पहिला नियम मी स्वतः पाळला. फालेसी आली. माझी कटिंग मास्तर, तुझ्याच जातकुळीतली, तुला आठवत असेलच. रोज ती दारातून ओरडायची, आज माकडाची शेपटी दिसत नाही, विकली वाटतं? आणि मी उंदरांवर घसरायचो. त्या दिवशी मी पाटीकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, “सुप्रभात, बा फालेसी,” अगदी मानाचं ‘बा’ लावून. ती जागच्या जागी थिजली.

तेव्हापासून कारखान्यात इतकी शांतता आहे की सुई पडली तर ऐकू येते, आणि सुया फार पडतात. बाया घुम्या झाल्यात. पण मी कायद्याने चोख आहे. बेकरीवाल्याने अजून साधी पाटीही लावलेली नाही, तो जाईल तुरुंगात.

जाकारंडा फुललाय. पाद्रीसाहेबांनी तुझ्या परसातली भेंडी काढून गुलाब लावलेत.

कासोंदे

*

चिपाटा, १५ ऑक्टोबर

माकडांच्या जावया,

तुझं पत्र मी इथल्या बायकांना वाचून दाखवलं. एकीला हसून हसून ठसका लागला, तिची पाठ चोळावी लागली.

आता नीट ऐक. कायदा वेडा नाही. ज्या माणसाला थट्टा झोंबते, त्याला रोज ती मुकाट ऐकून घ्यावी लागू नये, एवढंच त्याचं म्हणणं. ते बरोबरच आहे. मी अशा बायका पाहिल्यात, मालकाच्या विनोदाला हसायच्या आणि माझ्या टेबलासमोर बसून रडायच्या. पण कुणाला झोंबतं आणि कुणाला नाही, हे भिंतीला कसं कळणार? ज्याची थट्टा झाली त्याला विचारावं लागतं. तू विचारलंस का कुणाला? एकेकीला बाजूला घेऊन विचार. फालेसीला सर्वांत आधी. ती घुमी झाली म्हणतोस. न्गोनी बाई घुमी झाली की घरच्यांनी भांडी लपवावीत, अशी आमच्यात म्हण आहे.

टायवाल्याने दुपारपर्यंत वाचलं म्हणतोस. त्यात लेखी कराराचं काहीच नव्हतं? पत्र चार पानी आहे. पाटीबद्दल आहे, जाकारंडाबद्दल आहे, पाद्र्याच्या गुलाबांबद्दल आहे. मी विचारलं होतं ते कुठे आहे?

भेंडी काढली? त्या माणसाला देव क्षमा करो, मी करणार नाही.

एनेलेसी

*

कित्वे, २४ नोव्हेंबर

एनेलेसी,

उशिरा लिहितोय. इथे बरंच होऊन गेलं आणि मला माझं काय चुकलं ते कळत नाही.

फालेसीची आई वारली. तू तिला ओळखायचीस, बुचीच्या बाजारात भोपळ्याची पानं विकणारी, जिचं तोंड तुझ्याहून तिखट होतं. मी मालक म्हणून करायचं ते सगळं केलं. शवपेटी दिली, तीही चांगल्या लाकडाची, पितळी कड्यांची. मक्याच्या पिठाचं पोतं दिलं. कारखाना अर्धा दिवस बंद ठेवला. मी सूट घालून गेलो, सोबत माझे दोन भाऊ. आम्ही पुरुषांमध्ये मागे बसलो आणि हात जोडून शांत राहिलो. एक अक्षर बोललो नाही.

मला ठाऊक आहे तू आता काय म्हणणार. न्गोनींच्या मयताला बेम्बांनी गप्प बसायचं नसतं. आम्ही जाऊन दंगा करायचा, मेलेल्याची टवाळी करायची, कबरीपाशी लोळण घेऊन काहीतरी मिळाल्याशिवाय उठायचं नाही, रडणाऱ्यांना हसवायचं. मी माझ्या आयुष्यात किती कबरींपाशी लोळलोय! तुझ्या नवऱ्याच्या कबरीपाशी तर माझी पँट फाटली. पण एनेलेसी, मी तिचा मालक आहे. सगळ्या कामगारांदेखत मालकाने तिच्या मेलेल्या आईला उंदीरचोर म्हणायचं? पाटी माझीच होती. लोक माझ्याकडे बघत होते. म्हातारीला खाली सोडेपर्यंत बघत होते. मी जमिनीकडे पाहत राहिलो.

फालेसी तिसऱ्या दिवशी कामावर आली. मला वाटलं, काय निष्ठा आहे. आठवडाभर मान खाली घालून तिने कापड बेतलं. शनिवारी आपली कात्री पुसली, कागदात गुंडाळून पिशवीत घातली आणि निघून गेली. ती कात्री तिच्या घरची आहे, पण बारा वर्षांत कधी घरी नेली नव्हती.

मग मला कामगार कार्यालयाचं बोलावणं आलं. तिथे नवा अधिकारी आहे, तरणाबांड आणि गंभीर. त्याने तिची तक्रार मला वाचून दाखवली. तुझी शपथ, जशीच्या तशी सांगतो: ‘मालकाने सप्टेंबरपासून माझी थट्टा बंद केली. माझ्या आईच्या मयतातही केली नाही. यावरून मी त्यांना परकी झाले आहे आणि ते मला काढून टाकणार आहेत, असं मी समजते.’ अधिकारी म्हणाला, मी कायद्याचं पुस्तक तीनदा चाळलं, शिवीगाळ केल्याचं कलम आहे, न केल्याचं नाही. मग त्याने पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे कराराची प्रत मागितली.

त्याने नवीन वर्षापर्यंत मुदत दिलीय. त्यानंतर खटला. पण खरं सांगू? खटल्याचं मला एवढं वाटत नाही. जानेवारीत शाळा उघडणार, पाच शाळांचे गणवेश अंगावर आहेत, आणि कापड बेतायला माणूस नाही. सकाळी दारातून कुणी ओरडत नाही. मी दाराकडे बघत बसतो.

कासोंदे

*

चिपाटा, १ डिसेंबर

कासोंदे,

हसत हसत लिहायचं ठरवलं होतं, पण जमत नाहीये.

ती तिसऱ्या दिवशी आली ती निष्ठेने नाही, अरे शहाण्या. तिच्याकडे करार नाही. तू तिला बारा वर्षं रोजंदारीवर ठेवलंस, जणू काल फाटकाशी उभी होती आणि आज आत घेतली. आई गेल्यावर पगारी रजा मिळते हे तिला कुणी सांगितलं? तू? एक दिवस घरी बसली तर त्या दिवसाचं गेलं, एवढंच तिला माहीत. आणि तुझी पितळी कड्यांची शवपेटी पाहून तिला काय वाटलं असेल सांगू? मालकाने हिशेब चुकता केला.

तू कायदाही मोडलास आणि नातंही मोडलंस, आणि दोन्ही एकाच पाटीने. जिथे तिला कागद हवा होता तिथे तू म्हणालास, आपण तर भाऊबंद. आणि जिथे तिला भाऊबंद हवा होता तिथे तू कागदाआड लपलास.

हे वाक्य मी तीनदा लिहून पाहिलं, याहून मऊ होत नाही.

करार का दिला नाहीस? मी आता तिसऱ्यांदा विचारते आहे. पैशाचं कारण देऊ नकोस. तू कंजूष नाहीस, मी तुझ्या घरची मक्याची न्शिमा खाल्लेली आहे.

एनेलेसी

*

कित्वे, ९ डिसेंबर

एनेलेसी,

बरं, सांगतो.

माझे वडील खाणीत होते हे तुला माहीत आहे. सव्वीस वर्षं जमिनीखाली. आमच्या घरी मालकाकडून आयुष्यात एकच कागद आला. खाणी विकल्या गेल्या तेव्हा. छान जाड कागद होता, वर शिक्का. वडिलांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी तो माझ्याकडे दिला आणि अभिमानाने खुर्ची ओढून ऐकायला बसले. त्यांना वाटलं बक्षीस आहे. मी वाचला. त्यानंतर ते फार जगले नाहीत.

म्हणून मी जेव्हा कारखाना काढला तेव्हा मनाशी ठरवलं, माझ्या माणसांना मी कधी कागद देणार नाही. शब्द देईन. कागद परक्यांना देतात, आणि शेवटी देतात. दरवर्षी सल्लागार येतात, करार करा म्हणतात, आणि मला वडिलांची ती खुर्ची दिसते. थट्टा बंद करणं सोपं वाटलं. पाटीला फळी आणि रंग एवढाच खर्च.

मला लाज वाटते. तुला सांगायला त्याहून जास्त.

कासोंदे

*

चिपाटा, १७ डिसेंबर

माझ्या माकडा,

तुझं पत्र वाचून मी शेजारणीला दाखवलं नाही. घडी करून बायबलमध्ये ठेवलं.

तुझ्या वडिलांना जाताना कागद मिळाला, तो वाईट होता. येताना एक चांगला कागद मिळाला असता तर जातानाचा कागद एवढा निर्लज्ज नसता. मी उभा जन्म ह्याच्यासाठीच कारखान्याकारखान्यांतून सायकल हाणली. करार म्हणजे निरोप नव्हे रे. तू उद्या मेलास आणि तुझ्या भावाने कारखाना घेतला, तर फालेसीने त्याला काय दाखवायचं? तुझा शब्द? तो तर तुझ्याबरोबर पुरला जाईल, आणि वर आम्ही न्गोनी नाचू.

तेव्हा ऊठ. करार लिही. सोबत नमुना पाठवते, जुना असला तरी चालेल, त्या तरुण अधिकाऱ्याकडून नव्या कायद्याप्रमाणे दुरुस्त करून घे. विचारायला लाजू नकोस, त्यांना आवडतं. मग तिच्या घरी जा. आधी जे मयताला करायचं राहिलं ते कर. कागद नंतर. उलट केलंस तर ती दार लावून घेईल, आणि मी असते तर तुझ्या अंगावर भांड्याचं पाणी ओतलं असतं.

सूट घालू नकोस.

एनेलेसी

*

कित्वे, ५ जानेवारी २०२०

उंदरांच्या महाराणी,

गेलो एकदाचा. आणि सांगण्यासारखं इतकं आहे की बसच्या ड्रायव्हरला म्हटलं, आज थांब जरा, पत्र लांबलंय.

नाताळानंतरच्या शनिवारी सकाळी दोघा भावांना घेऊन बुचीला गेलो. फालेसी अंगणात भांडी घासत होती. मला पाहून उठली नाही. मी सरळ चालत गेलो आणि तिच्या घराच्या उंबऱ्यावर आडवा झालो. माझं पोट तुला माहीत आहे. दार बंदच झालं म्हण. आत तिची भावजय होती, ती आतच अडकली.

मी मोठ्याने रडायला लागलो. म्हटलं, म्हातारी गेली आणि आम्हा बेम्बांची रजा न घेता गेली, आता ह्या घरातून कुणाला बाहेर यायचं तर बेम्बाच्या अंगावरून यावं लागेल. भाऊ अंगणात छाती बडवत होते. शेजारीपाजारी जमले. मी म्हटलं, स्वर्गातल्या मांजरांची मला काळजी वाटते, ती गेल्या नोव्हेंबरपासून उपाशी असतील, म्हातारीने तिथला एकही उंदीर शिल्लक ठेवला नसेल.

एनेलेसी, ती भांडी घासतच राहिली. मला वाटलं संपलं. मग फालेसीच्या हातून पातेलं पडलं आणि ती खाली बसली, राखेने माखलेल्या हातांत तोंड घेऊन. खांदे हलत होते. हसते की रडते ते मला खालून दिसेना. दोन्ही होतं. कितीतरी वेळ दोन्ही होतं. मग नाक पुसून म्हणाली, “उशीर केलास, माकडा. झाडावरून उतरायला एवढा वेळ?”

मीही रडलो. लपवत नाही.

मग मी पडल्या पडल्याच खिशातून करार काढून दिला. उठू दे म्हटलं तर म्हणाली, पडून राहा, मी वाचते. आणि वाचला की! सगळा. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. भावजय आतून ओरडत होती, मला बाजारात जायचंय. मी तिचं पद ‘मदतनीस’ लिहिलं होतं, सवयीने. तिने ते खोडायला लावलं आणि ‘कटिंग मास्तर’ लिहून घेतलं. पुढे छळाविषयीचं कलम आलं तेव्हा थांबली. मला वाटलं आता ते काढायला सांगेल. तर म्हणाली, हे राहू दे. म्वांगालाला विचार.

म्वांगाला म्हणजे आमची काज-बटणवाली, लोझी जमातीची आहे. तिचं आणि माझं थट्टेचं काही नातं नाही. मी बेफिकीरपणे तिच्यावरही घसरायचो, ती हसायची. सोमवारी तिला बाजूला घेऊन विचारलं. तिने बराच वेळ बटणं मोजल्यासारखं केलं आणि मग हळूच म्हणाली, बंद झालं ते बरं झालं. तू म्हणाली होतीस तसंच. मी तिची माफी मागितली. पाटी आता बदलली आहे: ‘आधी विचारा.’ बेकरीवाला येऊन बघून गेला, त्यालाही तशीच हवी आहे.

अधिकाऱ्याने सगळ्या बायांचे करार पाहिले. शिक्का मारताना म्हणाला, ही तक्रार मी बंद करतोय, पण कोणत्या कलमाखाली ते मला विचारू नका.

आता शेवटचं. फालेसीने सही केली, करारावर फुंकर मारली, घडी करून कमरेला खोचला. मला वाटलं, आता सोमवारी येईल, पाच शाळा आहेत, कापडाचे गठ्ठे छतापर्यंत गेलेत. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “ह्यात आईच्या रजेचं आहे. ती मी घेतली नव्हती. सोमवारपासून घेते. गावी जाऊन तिच्या बहिणींजवळ बसायचंय.”

ह्या आठवड्यात! पण म्हटलं, जा.

तर आता कापड मी बेततोय. वीस वर्षांनी हातात खडू धरला. काल ज्या चड्ड्या कापल्या त्यांचा एक पाय गुडघ्यापर्यंत आणि दुसरा घोट्यापर्यंत आहे. बाया दिवसभर मला हसतात, आणि ज्यांना विचारून झालंय त्या आणखी बरंच काही बोलतात. शाळांना कळवलंय, थोडा उशीर होईल. एका मुख्याध्यापिकेने फोनवर माझी खरडपट्टी काढली, ती तुझ्याच गावची निघाली.

पण एक गोष्ट मी परत परत आठवतोय. फालेसी थट्टेत माझ्या डोक्यावर बसायची, हे सगळ्यांना माहीत. पण काही मागायला यायची, उचल म्हण, पोराला दवाखान्यात न्यायला अर्धा दिवस म्हण, तेव्हा आपल्या रीतीप्रमाणे दाराशीच गुडघे टेकायची, हळू टाळ्या वाजवायची आणि जमिनीकडे बघत बोलायची. बारा वर्षं. मला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही. त्या शनिवारी रजा मागताना ती उभी होती, एनेलेसी. मी जमिनीवर होतो, आणि ती ताठ उभी राहून माझ्या डोळ्यांत बघत होती.

कासोंदे